मुंबई उपनगर : भूरूपे व जलप्रवाह

मुंबई उपनगर : कोकण विभागातील जिल्हा. स्थापना १ ऑक्टोबर १९९०. मुख्यालय वांद्रे. कुर्ला, अंधेरी व बोरिवली हे तालुके. लोकसंख्या ९३,५६,९६२ (२०११). पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस ठाणे जिल्हा आणि दक्षिणेस मुंबई शहर जिल्हा आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग साष्टी बेटावर वसला आहे. ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावे, यावरून हे नाव आल्याचे मानतात.

भूरचना : मधोमध दक्षिणोत्तर डोंगर, दोन्ही अंगांना सखल पट्टी आणि कडेला खाजण, अशी या भूमीची ठेवण आहे. बोरिवली व मुलुंड नकाशावर जवळ दिसतात. पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे १०४ चौ.किमी.चा डोंगराळ प्रदेश असल्याने लोकलने एकीकडून दुसरीकडे जाताना दादर गाठून पुन्हा उत्तरेकडे यावे लागते. खडक मुख्यतः काळा बेसॉल्ट. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी सुमारे ६१ मीटर उंच असून सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनली आहे. लाव्हा निवताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि एकमेकांना खेटून उभे असलेले बहुकोनी स्तंभ तयार झाले. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. आज टेकडीच्या पायथ्यापर्यंत इमारती आल्या आहेत. हा दुर्मीळ ठेवा जपणे निकडीचे आहे.

डोंगर व पाणी : या उद्यानातील कान्हेरीचे प्राचीन नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. येथे शंभरावर बौद्ध लेणी आहेत. लेण्यांलगत कातळात पाण्याच्या पोढी (टाक्या) खोदलेल्या असून पावसाचे पाणी त्यांत वळवण्यासाठी पन्हळी कोरल्या आहेत. याच डोंगरांतील पाणी अडवून विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव बांधले गेले. दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या पश्चिमेकडे वाहतात. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. पूर्व उतारावर मोठी नदी नाही. घाटकोपर, भांडुप, मुलुंडचे ओढे-नाले थेट ठाण्याच्या खाडीकडे उतरतात.

वने : डोंगरात पानझडी व निमसदाहरित झाडी आहे. कारवीचे झुडूप सात वर्षे नुसते वाढते आणि आठव्या वर्षी एकदम फुलून उतार जांभळे करते. २०१६ व २०२४ ही अशी वर्षे. पाड्यांवर वारली व इतर आदिवासींची वस्ती आहे.

किनारा व खाडी : वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई येथे कोळी समाजाची जुनी वस्ती आहे, तर मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या बाजूला मिठागरे आहेत. ओहोटीला तिवरांची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात. हीच झाडे गाळ धरतात, लाटांचा जोर मोडतात. ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य (२०१५) असून २०२२ मध्ये या खाडीला रामसर दर्जा मिळाला.

पूर : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. अशा पावसात भरतीचे पाणी नदीच्या मुखातून आत शिरले की नदीचे पाणी तुंबते आणि खाजणात व नदीकाठी पसरते. त्या जागांवर भराव पडला, तर तेच पाणी घरांत शिरते. म्हणून तिवरे, मिठागरे आणि नदीकाठ ही पडीक जमीन नव्हे. डोंगरावरून आलेल्या पाण्याला भरती ओसरेपर्यंत थांबायची ती जागा आहे.