पर्वतीय सायकल दीर्घ शर्यत
पर्वतीय सायकल दीर्घ शर्यत : डोंगराळ प्रदेशातील कच्च्या रस्त्यांवरून व पायवाटांवरून दीर्घ अंतर सायकलने कापण्याची शर्यत. तिच्या एकल प्रकारात अन्न, पाणी, निवारा व दुरुस्ती यांची तजवीज स्वारालाच करावी लागते. वेळमोजणी अखेरपर्यंत थांबत नसल्याने झोप व विश्रांतीही एकूण वेळात धरली जाते. ‘एकटा’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या क्रीडाप्रकाराच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला असून त्याचे नियम त्यातूनच घडत गेले.

बाह्य मदतीस मनाई करण्याची कल्पना पर्वतीय सायकलीहून जुनी आहे. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीच्या प्रारंभीच्या काळात स्वाराने आपली सायकल स्वतःच दुरुस्त करावी, असा नियम होता. १९१३ मध्ये पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाटात यूजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलीचा, पुढचे चाक धरणारा चिमटा मोडला. सायकल घेऊन ते १० किमी.हून अधिक अंतर चालत सेंत-मारी-द-कांपां या गावी आले व लोहाराच्या भट्टीवर त्यांनी चिमटा स्वतः जोडला. तथापि भाता एका मुलाने चालविला, म्हणून त्यांना वेळेचा दंड झाला.

कच्च्या वाटांवरील दीर्घ प्रवासाचे एक जुने उदाहरण अमेरिकेत आढळते. तेथील २५ व्या पायदळ पलटणीतील २० कृष्णवर्णीय सैनिकांनी लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली १८९७ मध्ये माँटॅना राज्यातील फोर्ट मिझूला ते सेंट लूइस हे सु. ३,०६० किमी. अंतर ४१ दिवसांत सायकलींवरून पार केले.

आधुनिक पर्वतीय सायकलीचा विकास कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात झाला. तेथील तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकलींवरून डोंगर उतरत असत. ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी प्रथम झाली. तीव्र उतारावर मागील ब्रेकमधील वंगण जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या उपयोगासाठी खास सांगाडा तयार केला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिक सामन्यांत या क्रीडाप्रकारास स्थान मिळाले. ऑलिंपिकमधील शर्यत मात्र आखीव मार्गावरील थोड्या तासांची असते. दीर्घ शर्यतीची वाढ तिच्या बाहेर झाली.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९९२ मध्ये २४ तासांची एक फेरी-शर्यत सुरू झाली. ती संघांसाठी होती व संघातील स्वार आळीपाळीने फेऱ्या पूर्ण करीत. १९९६ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड यांनी आपल्याच नावाची चार रूपे लिहून चौघांचा संघ म्हणून नोंदणी केली व सर्व फेऱ्या एकट्याने केल्या. कालांतराने अशा शर्यतींत एकल गट रूढ झाला.

याच दशकात मिझूला येथील ‘अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ने रॉकी पर्वतातील जलविभाजकालगत, कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सु. ४,००० किमी. लांबीचा ‘ग्रेट डिव्हाइड’ मार्ग आखला. त्याचा हेतू शर्यत हा नसून सवडीने करावयाची सहल हा होता. १९९९ मध्ये स्टॅमस्टॅड यांनी तो एकट्याने, मदतीशिवाय, १८ दिवस व ५ तासांत पार केला. २००४ मध्ये या मार्गावर सामुदायिक प्रारंभाची शर्यत झाली. २००८ पासून कॅनडातील बॅन्फ येथून ‘तूर डिव्हाइड’ ही सु. ४,४०० किमी. अंतराची शर्यत होऊ लागली. तिच्यातील इंडियाना खिंड सु. ३,६३० मी. उंचीवर आहे.

या शर्यतीस पारितोषिक नाही. वाटेतील दुकान, खाणावळ, मुक्कामाची खोली व टपाल कचेरी यांचा उपयोग करता येतो. कारण या सोयी सर्व स्वारांना सारख्याच उपलब्ध असतात. आप्तमित्रांनी अन्न आणून देणे मात्र निषिद्ध आहे. म्हणजे येथे एकटेपणाचा अर्थ मनुष्यसंपर्काचा अभाव असा नसून इतरांना न मिळणाऱ्या साहाय्याचा अभाव असा आहे. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ (प्रारंभ १९८२) या रस्त्यावरील शर्यतीत याउलट एकल स्वारासोबतही मोटारीतून साहाय्यकांचे पथक असते. २०१७ मध्ये ती एकल गटात पूर्ण करणाऱ्या श्रीनिवास गोकुलनाथ व अमित समर्थ या भारतीयांपैकी समर्थ हे नागपूरचे होत.

मदतीविषयीचा नियम काटेकोर करता आला, तरी झोपेचा प्रश्न सुटला नाही. घड्याळ थांबत नसल्याने कमी झोपणाऱ्यास लाभ होतो. परंतु निद्रानाशाने अवधान व निर्णयशक्ती क्षीण होतात आणि त्याच वेळी स्वार अंधारात, निर्जन प्रदेशात असतो. २०१६ मध्ये ‘तूर डिव्हाइड’ १४ दिवसांच्या आत पूर्ण करणारे माइक हॉल हे ३१ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियातील अशाच विनासाहाय्य रस्ता-शर्यतीत पहाटेपूर्वी मोटारीच्या धडकेने मृत्यू पावले व ती शर्यत थांबविण्यात आली. काही शर्यतींत आता सक्तीच्या विश्रांतीचे नियम आहेत. उपग्रहाद्वारे स्वाराचे स्थान कळविणारी साधनेही प्रचारात आली आहेत. त्यांमुळे शोध घेणे सुलभ झाले, परंतु केव्हा थांबावे याचा निर्णय पुष्कळ अंशी स्वाराकडेच राहिला आहे.