पंचगंगा नदीप्रदूषण, इचलकरंजी

कोल्हापूर जिल्ह्यातील वस्त्रनगरी इचलकरंजीजवळ पंचगंगेच्या पाण्याचा झालेला बिघाड व त्याचे आरोग्यावरील परिणाम. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या प्रवाहांतून बनलेली ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. कापडप्रक्रिया कारखान्यांचे रंगीत सांडपाणी आणि वाटेतल्या शहरांचा मैला तिच्यात मिसळतो. त्यामुळे जलपर्णी माजते आणि विरघळलेला ऑक्सिजन घटून मासे मरतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ती हिपॅटायटिस ई विषाणूमुळे होती. मैलामिश्रित पाण्यातून पसरणारा हा विषाणू गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. म्हणूनच सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया, गळक्या जलवाहिन्यांची दुरुस्ती आणि पाण्याची नियमित तपासणी ही कामे एकत्रच व्हायला हवीत.