बहात्तराव्या रकान्याचा मागोवा

मेनफ्रेमच्या असेम्ब्लरमध्ये आजही ओळ ८० रकान्यांची, पण आज्ञा लिहायची ती ७१व्यापर्यंतच. ७२व्यात एखादं अक्षर, बहुधा एक्स, टाकलं की पुढची ओळ त्याच आज्ञेत धरली जाते आणि १६व्या रकान्यापासून वाचली जाते. ७३ ते ८० असेम्ब्लरच्या लेखी नसतातच.

८० हा आकडा कागदी पंच कार्डाचा. आयबीएमने १९२८ साली गोल भोकांच्या जागी अरुंद, उभी भोकं आणली आणि जिथे ४५ रकाने मावत तिथे ८० बसवले. ७२चं मूळ मात्र एका यंत्राच्या पोटात आहे. १९५४ सालच्या आयबीएम ७०४चा एक शब्द ३६ बिटांचा. कार्डाच्या प्रत्येक आडव्या रांगेतून असे दोनच शब्द भरले जात, म्हणजे ७२ रकाने. कोणते ७२, हे प्लगबोर्डवरच्या तारा ठरवत. उरलेल्या आठांत अनुक्रमांक पंच होऊ लागले. गठ्ठा हातातून निसटला तरी सॉर्टर कार्डं पुन्हा क्रमाने लावून देई.

१९६४च्या सिस्टीम/३६०वर शब्द ३२ बिटांचा झाला, कार्डाचे ८०ही रकाने वाचता येऊ लागले. मूळ अडचण मिटली, तरी मांडणी टिकली. हा आळस नव्हता. आयईबीयूपीडीटीई हे साधन त्याच अनुक्रमांकांवरून कोणती ओळ बदलायची ते ओळखत असे. त्यांच्या भरवशावर दुरुस्त्या पोचत होत्या. आयसीटीएल ही आज्ञा लिहून हद्द ८०पर्यंत नेता येते, पण मग ओळ पुढे चालू ठेवण्याची सोयच जाते.

खरा घात स्वल्पविरामात आहे. समजा फाइलचं वर्णन करणाऱ्या डीसीबी मॅक्रोच्या पहिल्या ओळीत ७२व्यात एक्स आहे, पण शेवटचा स्वल्पविराम राहून गेला. असेम्ब्लरच्या दृष्टीने ऑपरंड तिथेच संपले. पुढची ओळ टिप्पणी ठरते. तिच्यातला ईओडीएडी, म्हणजे फाइल संपल्यावर कुठे जायचं तो पत्ता, मुकाट्याने गळतो. प्रोग्राम नीट चालतो आणि फाइलच्या शेवटी ३३७ अॅबेंड देऊन कोसळतो. दोष शोधणारा मात्र फाइल वाचण्याच्या आज्ञेपाशी घुटमळत राहतो, कारण ईओडीएडीची ओळ डोळ्यांना अगदी जागच्या जागी दिसत असते.

१९९२मध्ये आलेला हाय लेव्हल असेम्ब्लर अशा संशयास्पद ओळींवर फ्लॅग पर्यायातल्या कॉन्टमुळे इशारा देतो. यादी लांबते म्हणून तो बंद करणारे आहेत. माझ्या मते तो कधीच बंद करू नये.