स्वल्पविरामाची जागा

मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर सलग शिरोरेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्द सुटे ठेवण्याची रीत नव्हती आणि वाक्य मध्येच कोठे थांबते हे दाखविणारे चिन्हही नव्हते. तरीही मराठवाड्यातील वाशीसारख्या गावच्या कुलकर्ण्याचे कागद वाचताना जाणकाराचे फारसे अडत नसे, याचे कारण मराठी वाक्याच्या घडणीत आहे. ‘पत्र पाठविले ते पावोन मजकूर कळला’ या धाटणीच्या वाक्यात ‘ओन’ हा प्रत्यय, म्हणजे आजचा ‘ऊन’, एक क्रिया आटोपून दुसरी येत असल्याचे सांगतो, ‘ते’ हे सर्वनाम मागील उपवाक्याला, म्हणजे मोठ्या वाक्याच्या पोटातील लहान वाक्याला, पुढच्याशी जोडते आणि शेवटचे क्रियापद वाक्य मिटवते.

छापखाना आल्यावर चित्र बदलले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले, तर इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुजविण्यासाठी मेजर थॉमस कँडी याने १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली आणि क्रमिक पुस्तकांवरून त्याचा हात फिरल्यामुळे ही चिन्हे मुंबई इलाख्यातील शाळांत पोचली. वाशीजवळची बार्शी त्या इलाख्यात होती. वाशी मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिली, आणि तेथील सरकारी कामकाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चाले, जिचा स्वल्पविराम उलटा वळतो. पुण्या-मुंबईची छापील पुस्तके वाचणाऱ्यालाच तेथे नव्या चिन्हांची ओळख होणार, हे उघड होते.

उसन्या चिन्हाला उसना नियम मात्र सगळीकडे लागू पडला नाही. ‘पाऊस पडून पेरणी झाली’ या वाक्यात प्रत्ययानेच सांधा दाखविल्यामुळे स्वल्पविराम अनावश्यक ठरतो, तर ‘पाऊस पडला, पेरणी झाली’ येथे दोन पूर्ण क्रियापदे कोणत्याही जोडशब्दावाचून शेजारी आल्यामुळे तो हवाच. ‘ज्याने पेरले, त्याने राखले’ या वाक्यातही तो शोभतो, कारण ‘जो’ आणि ‘तो’ यांची दोन उपवाक्ये एकमेकांसमोर उभी असतात. माणूस नेमका कोणता हे सांगणाऱ्या अशा उपवाक्याला इंग्रजीत स्वल्पविरामाने तोडत नाहीत. हा फरक ध्यानात न घेता लिहिणारे पुष्कळ, आणि त्यात शिकलेल्यांचाच भरणा अधिक, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

‘तो म्हणाला की’ या रचनेचा वाद अजून मिटलेला नाही. ‘की’ हे उभयान्वयी अव्यय, म्हणजे दोन वाक्ये जोडणारा अविकारी शब्द. घडणीच्या हिशेबाने ते पुढील उपवाक्याचे, म्हणून स्वल्पविराम त्याच्या आधी यावा. पण बोलताना ‘की’ आधीच्या क्रियापदाला चिकटतो आणि श्वास त्याच्यानंतर घेतला जातो, म्हणून छापील मराठीत ‘की’नंतर स्वल्पविराम देण्याची रीत पडली, आणि ती मराठी कानाला अधिक धरून आहे. ‘तू येणार असे तो म्हणाला’ असे वाक्य फिरवले की मात्र ‘असे’ हा एकच शब्द सांधा सांभाळतो आणि चिन्हाला कामच उरत नाही.