लष्करी घड्याळांची साक्ष

अस्सल कागद आणि बखर यांतील भेद महाराष्ट्रांतील वाचकांस नव्यानें सांगावयास नको. राजवाड्यांनीं व त्यांच्या पिढीनें दप्तरें धुंडाळून आपणांस एवढें खास शिकविलें कीं, हकीकत कितीहि रसाळ असली तरी शिक्का, शाई, तिथि व अक्षर यांचा मेळ बसल्यावांचून ती इतिहासांत घेऊं नये. हीच कसोटी एका अगदीं निराळ्या वस्तूस लावून पाहण्याचा येथें विचार आहे. ती वस्तु म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यासाठीं तयार झालेलें मनगटी घड्याळ.

काळी तबकडी, अंधारांत दिसणारे काटे, १५ माणकांचें यंत्र आणि पाणी शिरूं न देणारी डबी असे नियम ठरवून ब्रिटिश सरकारनें बारा नांवांचीं घड्याळें स्वित्झर्लंडमध्यें तयार करविलीं. ओमेगा, लाँजीन, सीमा, व्हर्टेक्स हीं त्यांपैकीं कांहीं. प्रत्येकाच्या पाठीवर डब्ल्यू हें अक्षर तीनदां कोरलेलें असे. तबकडीवर व पाठीवर बाणाची सरकारी खूण असे. ही खूण शोभेची नव्हे. घड्याळ शिपायाचें नसून सरकारचें आहे, एवढाच तिचा अर्थ.

या घड्याळांचा बहुतेक पुरवठा १९४५ सालीं झाला, आणि ही एक तारीख पुष्कळ बखरी निकालांत काढते. जून १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या वीराच्या मनगटावर हेंच घड्याळ होतें, असें विक्रेता सांगूं लागला कीं, ग्राहकानें कान मिटून डोळे उघडावे. पाठीवरील लष्करी क्रमांक पाहावा. ओमेगाच्या क्रमांकापूर्वीं वाय हें अक्षर असतें. आंतील यंत्राचा क्रमांकहि पाहावा. लाँजीनसारख्या कारखान्यांच्या जुन्या वह्यांत त्याचा माग लागूं शकतो.

तबकडीची साक्ष सर्वांत बोलकी आहे. तिच्यावर रेडियमचा लेप असे. रेडियमची शक्ति निम्मी होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. परंतु त्याच्या माऱ्यानें उजळणारें जस्ताचें संयुग कांहीं दशकांतच निकामी होतें. म्हणून जी तबकडी आजहि रात्रभर लखलखते ती मागाहून रंगविलेली समजावी. उलट, विझलेल्या तबकडीजवळ किरणमापक धरल्यास तो अजून टिकटिकतो. मात्र अशी डबी घरीं उघडूं नये. तींतील धूळ श्वासावाटे शरीरांत जाणें घातक आहे.

मुंबईच्या जुन्या बाजारांत स्विस यंत्रावर नवी तबकडी चढविलेलीं घड्याळें पुष्कळ मिळतात. तीं बनावट होत, हें उघड आहे. पण खुद्द ब्रिटिश लष्करानेंहि पुढें कित्येक घड्याळांच्या रेडियमच्या तबकड्या काढून ट्रिटियमच्या बसविल्या. त्यांवर वर्तुळांत टी हें अक्षर असतें. अशा घड्याळास खोटें म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. एखाद्या सनदेच्या पाठीवर पुढील अमलांतील शेरा असावा, तसाच हा प्रकार. शेरा दप्तरांतला कीं लबाडाचा, एवढेंच ठरवावयाचें असतें.

बाजारभाव मात्र या न्यायानें चालत नाहीं. ग्रानाचीं घड्याळें हजार-दीड हजारच झालीं असावींत, ओमेगाचीं सुमारें २५ हजार, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यामुळें बारांचा संच पुरा करूं पाहणारा संग्राहक ग्रानासाठीं वाटेल ती किंमत मोजतो. जेथें किंमत चढते तेथें बनावट कागद निर्माण होतात, हें आपल्या वतनांच्या तंट्यांनीं पूर्वींच दाखविलें आहे. दुर्मिळतेचें मोल संग्राहकानें खुशाल द्यावें; परंतु झिजलेली डबी, बदललेली तबकडी व जुळणारे क्रमांक असलेलें साधें ओमेगा, निष्कलंक दिसणाऱ्या संशयास्पद ग्रानापेक्षां इतिहासाच्या अधिक उपयोगाचें आहे. तें ज्याच्या मनगटावर होतें त्या शिपायाचें नांव बहुधा कोठेंच नोंदलेलें नसतें. त्याच्यामागें उरलेली ही एवढी साक्ष तरी आपण खोटी होऊं देऊं नये.