अफूचे व्यसन, उपचार आणि विमा

ब्रिटिश सरकारने १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे मुंबईच्या ओरिएंटल या आयुर्विमा कंपनीचीही साक्ष झाली. माफक अफू खाणाऱ्याकडून जादा हप्ता घेतला जात नाही, असे कंपनीने सांगितले. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि सरकारचा महसूल तीवर पोसला जात असे. त्यामुळे ही साक्ष सरकारला सोयीचीच ठरली.

१९८० नंतर मुंबईत गर्द, म्हणजे अफूपासूनच बनणारी ब्राऊन शुगर, पसरली. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यात ‘कृपा फाउंडेशन’ हे व्यसनमुक्तीचे काम सुरू केले. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी उभे राहिले. सरकारी विमा कंपन्यांची मेडिक्लेम योजनाही १९८६ चीच, पण मादक पदार्थांच्या सेवनातून आलेले आजार तिने वगळले होते. उपचारांचा भार देणगीदार, सरकारी अनुदान आणि घरच्यांवर पडला.

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. त्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरले आणि अशा आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असे कलम २१ मध्ये बजावले. तरीही विमा नियामकाने सप्टेंबर २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या वगळणुकींच्या यादीत बाराव्या क्रमांकावर व्यसनांवरील उपचार राहिलेच. कायद्याने आजार मानलेली गोष्ट पॉलिसीने नाकारावी, ही विसंगती अन्यायाची आहे.

वगळणूक उठली तरी प्रश्न पुरता सुटत नाही. अंगदुखी, जुलाब, निद्रानाश हा व्यसन तुटतानाचा त्रास साधारण एक-दोन आठवड्यांत ओसरतो; पुन्हा गर्दकडे वळू नये म्हणून ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध आणि समुपदेशन मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे लागते. हे उपचार बाह्यरुग्ण विभागातले असतात आणि नेहमीची पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देते.