‘अटॅक आला’ म्हणून विषय संपवू नका

तरुण माणूस अचानक गेला की उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, वाक्य एकच : ‘अटॅक आला.’ तेरावं झालं की फाईल माळ्यावर, नाहीतर रद्दीत. पण दर वेळी तो अटॅकच असतो असं नाही. कधी हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, फुगून फाटलेली असते. आणि हे दुखणं घराण्यात चालत आलेलं असू शकतं.

हे कळायला जगाला शंभर वर्षं लागली. १८९६ साली पॅरिसच्या डॉ. मार्फान यांनी एका ५ वर्षांच्या मुलीची लांबसडक, बारीक बोटं नोंदवली. १९५०च्या दशकात अमेरिकेत डॉ. मकुसिक यांनी असे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तपासून महाधमनीच्या दुखण्याशी संबंध लावला. १९९१ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. आईला किंवा वडिलांना हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता ५० टक्के. २००५ मध्ये महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असण्यामागचं एक जनुकही कुटुंबं तपासूनच मिळालं.

१९८६ मध्ये अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन जपानमध्ये सामना चालू असतानाच गेली. वय फक्त ३१. शवविच्छेदनात महाधमनी फाटल्याचं दिसलं. मग तिच्या भावाला तपासलं, त्यालाही तोच त्रास निघाला आणि वेळेत ऑपरेशन झालं.

आपल्याकडे झडप खराब म्हटलं की लहानपणचा रुमॅटिक ताप, हे समीकरण पक्कं. बऱ्याचदा ते खरंही होतं, म्हणून घराण्याची चौकशी मागे पडली. पण हा परदेशातला आजार आहे, असं समजू नका. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हृदयाचा स्नायू कमजोर करू शकणारा एक जनुकीय बदल भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आहे. तो झडपेचा नाही, स्नायूचा. पण वारसा म्हणजे वारसाच.

आणि रक्ताचा वारसा आपल्या भागाला नवा नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, हे तिथे आता उघड बोललं जातं. त्यात लाज कसली? मग हृदयाबद्दल एवढी गप्प बसायची सवय का?

सातबाऱ्यासाठी आपण चार पिढ्यांची नावं काढतो. तसंच घरात कोण, कितव्या वर्षी, कशाने गेलं, तेही लिहून ठेवा. महाधमनी फुगलेली किंवा दोन पाकळ्यांची झडप कुणाला निघाली असेल, तर त्याचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांनी डॉक्टरांना विचारून एकदा इको करून घ्यावा. आणि ती जुनी फाईल रद्दीत टाकू नका. गेलेल्याच्या उपयोगाची नसली, तरी मागे राहिलेल्यांच्या आहे.